मत वाया जातं म्हणजे काय?
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही शिकलेसवरलेले वक्ते नव्हे. सातवी नापास झालो आणि मिलच्या गेटवर बदली म्हणून उभे राहिलो. जे काही वाचलं ते पाळी संपल्यावर, याच विहाराच्या कपाटातली पुस्तकं घरी नेऊन. समितीने यंदा बोलायला सांगितलं तेव्हा आम्ही सेक्रेटरींना विषय विचारला. ते म्हणाले, "नाक्यावर चहा पिताना ज्याच्यावर भांडता तोच विषय घ्या, फक्त आवाज जरा कमी ठेवा." तेव्हा आज तोच विषय. दोन मोठे पक्ष, आता म्हणायचं तर दोन मोठ्या आघाड्या, त्यांना सोडून तिसऱ्याला मत दिलं तर राजकारणात काही बदल होतो का? की ते मत वाया जातं?

विहारात राजकारण आणू नये असं आपल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं आहे. ते आम्हालाही मान्य आहे. अमक्याला मत द्या म्हणून आम्ही सांगणार नाही. फक्त हिशोब मांडणार आहोत.

२०१९ च्या मे महिन्यात लोकसभेचा निकाल लागला. दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारच्या पाळीला गेलो. रिंग खात्यात पाय ठेवतो न ठेवतो तोच शेजारच्या साच्यावरचा गडी ओरडला, "काय नेते, पाडलंत ना शिंदेसाहेबांना! आता बसा टाळ्या वाजवत." वीस वर्षं बरोबर काम केलेला माणूस. आमच्या डब्यातली भाकरी खाल्लेला. त्या दिवशी त्याने आमच्याबरोबर चहा घेतला नाही. घरी येऊन सांगितलं तर आमच्या मंडळींनी जखमेवर मीठच चोळलं. म्हणाल्या, "त्याचं काय चुकलं? दोन महिने गल्लोगल्ली फिरलात, हाताला काय लागलं?"

तो प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. म्हणून आम्ही आकडे काढले.

२०१९ ला सोलापूर लोकसभेत भाजपला ५ लाख २५ हजारांच्या आसपास मतं पडली. काँग्रेसच्या सुशीलकुमार शिंद्यांना ३ लाख ६६ हजार. वंचित बहुजन आघाडीच्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार. पराभवाचं अंतर होतं १ लाख ५८ हजार. म्हणजे वंचितची मतं अंतरापेक्षा जास्त. झालं, सगळ्या शहराने बेरीज-वजाबाकी केली आणि आपल्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

पण आता त्याच्या आधीची निवडणूक बघा. २०१४. तेव्हा वंचित नव्हतीच, तिचा जन्मही झाला नव्हता. तेव्हा शिंदेसाहेबांना किती मतं होती? ३ लाख ६८ हजार. आणि ते किती मतांनी पडले? जवळजवळ दीड लाख. बांधवांनो, नीट ऐका. वंचित नसताना ३ लाख ६८ हजार, वंचित असताना ३ लाख ६६ हजार. मग आम्ही त्यांच्या खिशातून किती काढली? आकडा तर सांगतो की त्यांचा खिसा जवळजवळ होता तसाच राहिला. १ लाख ७० हजारांतले किती जण पूर्वी काँग्रेसचे, किती पहिल्यांदा मत देणारे, किती पूर्वी घरी बसणारे, हे कोणी सांगू शकत नाही. मतपेटीतल्या मतावर नाव लिहिलेलं नसतं. पण "तुम्ही दिली नसती तर ती आम्हालाच पडली असती" हा दावा सोलापूरच्या आकड्यांतून सिद्ध होत नाही.

आता आम्हाला सोयीचं तेवढंच सांगून थांबलो तर तो खोटेपणा होईल. नांदेडचा आकडा वेगळं बोलतो. तिथे २०१९ ला काँग्रेसचे अशोक चव्हाण ४० हजारांनी पडले आणि वंचितला १ लाख ६६ हजार मतं होती. तिथे तिसऱ्या उमेदवाराने निकाल फिरवला असं कोणी म्हटलं तर आम्ही वाद घालणार नाही. एवढंच की, ज्यांना पाडल्याचं पाप आपल्या माथी मारलं गेलं ते चव्हाणसाहेब २०२४ च्या फेब्रुवारीत स्वतःच भाजपमध्ये गेले. त्यांच्यासाठी आम्ही वीस वर्षांची मैत्री गमवायची का, हे आम्ही त्या साचेवाल्याला नंतर विचारलं. तो हसला. पुढे चहा सुरू झाला.

तरुण मुलांना वाटतं हा तिसऱ्या पक्षाचा प्रश्न आत्ताचा आहे. तसं नाही, तो पहिल्या निवडणुकीपासूनचा आहे, आणि आपल्या गावात तर त्याचा वेगळाच इतिहास आहे.

१९५२ ला सोलापूरची लोकसभेची जागा दोन खासदारांची होती, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. देशभर काँग्रेसची लाट. पण सोलापूरने दोन्ही जागा काँग्रेसला दिल्या नाहीत. राखीव जागेवर शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे पां. ना. राजभोज निवडून आले आणि दुसरीवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. फेडरेशनचे सबंध देशात दोनच खासदार झाले, त्यांतला एक आपल्या गावाने दिला. आमचे वडील तेव्हा मिलमध्ये नवीनच लागले होते. ते सांगायचे, तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. आपली पेटी हत्तीची. मतदाराला चिठ्ठ्या दोन. वडिलांना दोन्ही हत्तीच्याच पेटीत टाकायच्या होत्या. कार्यकर्त्यांनी रात्रभर समजावलं, "बाबा रे, एक हत्तीत टाक आणि दुसरी दुसऱ्या पेटीत. दोन्ही एकात टाकल्या तर दुसरी बाद." अडाणी माणसं होती, पण रात्री कंदील घेऊन घरोघर हे शिकवणारे लोक होते, म्हणून हत्ती चालला.

त्याच निवडणुकीत मुंबईत काय झालं हे आपल्याला ठाऊकच आहे. समाजवाद्यांशी युती असूनही परमपूज्य बाबासाहेब चौदा हजारांवर मतांनी पडले. ज्यांनी घटना लिहिली ते पडले. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पडले. तेव्हाही म्हणणारे म्हणत असतील की यांना दिलेलं मत वाया गेलं. त्या वाया गेलेल्या मतांचे आपण वारस आहोत. आणि हेही सांगितलं पाहिजे की ज्या राजभोजांना आपण निवडून दिलं ते पुढे काँग्रेसमध्ये गेले. तिसऱ्याला मत देणाऱ्याच्या नशिबी हाही भाग असतो.

१९५७ ला फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत गेलं. शेकाप, कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी सगळे एकत्र. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून, बी. सी. कांबळे कोपरगावमधून लोकसभेत गेले. सरकार समितीचं आलं नाही. पण पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला असा दणका बसला की १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र द्यावा लागला. सरकारात बसलेल्यांनी दिला हे खरं, पण मागणी विरोधकांची आणि भीती मतांची. पुढे १९६४ च्या ६ डिसेंबरपासून दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, लाखो माणसं तुरुंगात गेली, बायामाणसं लेकरं कडेवर घेऊन गेली. रिपब्लिकन पक्षाला महाराष्ट्रातून १९६२ ला लोकसभेची एकही जागा मिळाली नव्हती. तरी जमिनीचा प्रश्न त्याच पक्षाने सरकारच्या टेबलावर आणला. नंतर गट पडले. त्यावर बोलायला लागलो तर खीर थंड होईल.

आमच्या घरात या प्रश्नाचा निकाल लागला तो १९९० ला. ही घरची गोष्ट आहे, पण सांगतो.

१९५६ नंतर आपण बौद्ध झालो. राज्याच्या सवलती १९६० पासून मिळाल्या, पण केंद्राच्या नाही. केंद्राच्या नोकरीत, रेल्वेत, पोस्टात अनुसूचित जातीचा म्हणून अर्ज करायचा तर दाखल्यावर हिंदू महार लिहा, बौद्ध लिहिलं की सवलत बंद. आमचा थोरला भाऊ मॅट्रिक झालेला. त्याला रेल्वेत जायचं होतं. सोलापुरात रेल्वेचं डिव्हिजन, समोर नोकऱ्या दिसायच्या. वडील म्हणाले, "बाबासाहेबांनी काढलेला शब्द मी पुन्हा कागदावर लिहिणार नाही." भाऊ म्हणाला, "तुमचा धम्म आणि माझी उपासमार." दोघं वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत. एका खोलीत राहून. आई मधे बसून दोघांना वाढायची. भावाचं वय निघून गेलं. तो मिलमध्येच लागला आणि मिल बंद पडल्यावर हातगाडीवर आला.

आता बघा. १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेस सगळ्यांत मोठा पक्ष होता, १९७ जागा. जनता दलाला १४३. तरी व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं, भाजप आणि डावे दोघांच्या बाहेरच्या टेकूवर. असं लंगडं सरकार. अकरा महिने टिकलं. पण त्या अकरा महिन्यांत बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये त्यांचं तैलचित्र लागलं, मंडल आयोग लागू करण्याची घोषणा झाली आणि बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती देणारा कायदा झाला. भूमिहीनांच्या सत्याग्रहात जी तैलचित्राची मागणी होती, ती पंचवीस वर्षांनी पुरी झाली. ज्यांचं बहुमत भक्कम होतं त्यांना जमलं नाही ते लंगड्या सरकारने केलं. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी कायद्याची बातमी भावाला वाचून दाखवायला लावली. भावाने वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. काही बोलला नाही. त्याच्या मुलाच्या दाखल्यावर मात्र बौद्ध लिहिलं आणि पोराला केंद्राची नोकरी लागली.

म्हणून कोणी आम्हाला सांगितलं की तिसऱ्याने काही होत नाही, तर आम्ही त्याला त्या पोराचा दाखला दाखवतो.

पण मग दर वेळी होतं का? नाही होत. का होत नाही, तेही बघू.

आपल्याकडची पद्धत अशी की ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो निवडून आला, बाकीच्यांच्या मतांना किंमत शून्य. त्यामुळे ज्याची मतं सगळीकडे थोडी थोडी पसरलेली, तो मरतो. बहुजन समाज पक्षाचं उदाहरण घ्या. कांशीराम साहेब म्हणायचे, पहिली निवडणूक हरण्यासाठी, दुसरी पाडण्यासाठी, तिसरी जिंकण्यासाठी. १९८४ ला पक्ष काढला, २००७ ला उत्तर प्रदेशात ४०३ पैकी २०६ जागा घेऊन स्वतःच्या ताकदीवर सरकार आणलं. तेवीस वर्षं लागली. मतं किती? शंभरातली तीस. २०१४ ला लोकसभेत त्याच पक्षाला देशभर सव्वादोन कोटींच्या वर मतं पडली आणि खासदार एकही नाही. उत्तर प्रदेशात शंभरातली वीस मतं, जागा शून्य. २०१९ ला समाजवादी पक्षाशी युती केली तर दहा खासदार. २०२४ ला पुन्हा एकटे, पुन्हा शून्य. हत्ती तोच, माणसं तीच. दहा टक्क्यांच्या फरकाने राज्य येतं आणि जातं.

याच्या उलट आपल्याच जिल्ह्यातलं सांगोला. शेकाप राज्यात आटत गेला, पण गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा आमदार झाले. १९६२ पासून. मधे दोनदा पडले, १९९५ ला तर दोनशेच्या आत मतांनी. पडले तरी तालुका सोडला नाही, पक्ष सोडला नाही. आबा एस.टी.ने फिरायचे. दुष्काळात टँकर कुठे, रोजगार हमीचं काम कुठे, हे त्यांना तोंडपाठ. आणि आम्ही गिरणीवाले म्हणून हे आवर्जून सांगू की इथे शहरातल्या मिलची धुरांडी एकेक करून थंड होत होती तेव्हा सांगोल्यात त्यांनी उभी केलेली शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी चालत होती. २०२१ ला ते गेले. २०२४ ला त्यांचा नातू त्याच पक्षातून निवडून आला.

आणि शहरातले आडम मास्तर. मार्क्सवादी पक्षाचे. १९७८, १९९५, २००४ असे तीन वेळा आमदार. त्यानंतर २००९ पासून २०२४ पर्यंत चारही विधानसभांना पडले. पण विडी कामगार बायकांच्या घरांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं, २००६ ला मनमोहनसिंगांच्या हस्ते दिली. मग रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यांतली पंधरा हजार जानेवारी २०२४ मध्ये मोदींच्या हस्ते दिली. एक पंतप्रधान काँग्रेसचे, एक भाजपचे, मागणी लाल बावट्याची. आमच्या मेव्हणीला कुंभारीला घर मिळालं. आधी पत्र्याच्या खोलीत सात माणसं आणि विडीच्या पानांचा वास. तिला विचारा तिसऱ्या पक्षाने काय होतं. पण तिलाच विचारा की मत कोणाला दिलंस, तर ती पदर तोंडाला लावून हसते.

आम्ही मिलमध्ये एक गोष्ट शिकलो. कार्डिंगला, रिंगला जो कापूस वाया जातो तो कोणी फेकत नाही. झाडून गोळा करतात, पोत्यात भरतात, वजन करतात, त्याची नोंद असते. त्याचं जाडं सूत निघतं. मताचंही तसंच आहे. २०१९ ला वंचितला महाराष्ट्रात सात टक्क्यांच्या जवळ मतं पडली, खासदार एकही नाही. पण त्या मतांचं वजन झालं होतं म्हणून तर २०२३ ला शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटाने युती जाहीर केली आणि २०२४ ला महाविकास आघाडीने चर्चेला बोलावलं. चर्चा फिसकटली. का फिसकटली याच्या दोन कहाण्या आहेत, दोन्ही तुम्ही ऐकल्या आहेत. फिसकटल्यावर २०२४ ला तीच मतं निम्म्याहून खाली आली. अकोल्यात काँग्रेस आणि बाळासाहेब आंबेडकर दोघे उभे, भाजपचा उमेदवार चाळीस हजारांनी निवडून आला. तिथे मतं कोणी कोणाची खाल्ली? दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

आता आमचं. २०१९ ला आम्ही तुमच्या दारात येऊन तिसऱ्यासाठी मतं मागितली. २०२४ ला आम्ही स्वतः तिसऱ्याला दिलं नाही. घटनेची भीती खरी वाटली म्हणून पंजा दाबला. घरातली चारही मतं तिकडे गेली. आणि हे आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. कोणी विचारलं की मान हलवायचो आणि विषय बदलायचो. आमचा धाकटा मुलगा म्हणाला, "पप्पा, २०१९ ला बरोबर होतं तर आता काय, आणि आता बरोबर असेल तर तेव्हा काय?" आम्हाला उत्तर आलं नाही. आज येतं ते इतकंच की, २०१९ ला आम्ही मत मागितलं पण त्याच्या मागचं चार वर्षांचं काम आमच्याकडे नव्हतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर आम्ही एकदम निवडणुकीलाच दिसलो. दर निवडणुकीला चिन्ह वेगळं, कधी गॅस सिलिंडर, कधी प्रेशर कुकर. आमच्या गल्लीतली आजी यंत्रासमोर उभी राहून विचारते, "आपला हत्ती कुठाय?" १९५२ ला कंदील घेऊन फिरणारे होते. २०१९ ला आमच्या बूथवरचा एजंट दुपारी जेवायला गेला तो परत आलाच नाही. मतदान संपल्यावर किती मतं पडली याचा कागद एजंटला देतात, फॉर्म १७ सी. तो घ्यायलाही आपला माणूस नव्हता. आणि आदल्या रात्री पाकिटं वाटली गेली ती आपल्या वस्तीत घेतली गेली नाहीत असं छातीवर हात ठेवून म्हणणारा इथे असेल तर त्याने उभं राहावं. आम्ही वाट बघतो.

(थोडा वेळ शांतता.)

बसा, कोणाला लाजवायचं नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी तिसरा आपल्याकडे मत मागायला आला तर आम्ही त्याला विचारसरणी विचारणार नाही, ती सगळ्यांची पाठ असते. आम्ही विचारू, तुंबलेल्या गटारीसाठी झोन ऑफिसला किती वेळा गेलास? पॉवरलूमवरच्या पोरांना पी.एफ. मिळत नाही, त्यावर काय केलंस? दोन मोठ्यांपैकी कोणाशी बोलणी केलीस आणि काय मागितलंस, जागा की आणखी काही? आणि निवडून आलास तर कुठल्या गाडीत बसणार? हेच आम्ही मोठ्या आघाडीवाल्यालाही विचारू, कारण आमचं मत त्याची वडिलोपार्जित जमीन नाही.

महापालिकेचा प्रभाग २०१७ पासून चार-चार नगरसेवकांचा झाला. छोट्या कार्यकर्त्याला एवढा मोठा प्रभाग पेलत नाही, पैसेवाल्याला पेलतो. पण आपल्या वस्तीची मतं एका जागी आहेत, सांगोल्यासारखी, पसरलेली नाहीत. हे आपलं बळ आहे आणि ते आपण कधी मोजलेलं नाही.

म्हणून समितीच्या परवानगीने आम्ही एक वही घातली आहे. घरवार मतदारांची नावं तीत लिहायची. कोणी कोणाला मत दिलं ते लिहायचं नाही, ते विचारायचंही नाही. फक्त यादीत नाव आहे का, कोणाचं गळलं, कोण लग्न होऊन गेली, कोण वारलं. मागच्या वेळी आपल्या गल्लीतली काही माणसं बूथवरून नाव नाही म्हणून परत आली, त्यात आमचा थोरला भाऊही होता. अठरा पूर्ण झालेल्या मुला-मुलींसाठी फॉर्म ६ आणून ठेवले आहेत, पत्ता बदललेल्यांसाठी फॉर्म ८. आमची सून आणि महिला मंडळातल्या दोघी जणी रविवारी सकाळी वंदनेनंतर इथे बसतील आणि भरून देतील. बूथवर दिवसभर बसायला दोन माणसं हवी आहेत, जेवायला घरी न जाणारी. डबा आम्ही आणून देऊ.

वही कपाटात वरच्या कप्प्यात आहे. पेन दोरीने बांधलं आहे, ते कृपया सोडून नेऊ नये. खीरदानाची तयारी झाली असं महिला मंडळ खुणावत आहे, तेव्हा थांबतो.

जय भीम.